चुलीवरची मुडी

माझी आई खोटं बोलत नाही. एवढं एकच वाक्य मला प्रबंधात लिहिता येत नव्हतं, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

मी संजीवनी. मुरबाडच्या पुढे टोकावड्याला उतरायचं, तिथून जीपने डोंगराच्या अंगाला गेलं की करंजपाडा लागतो, ते माझं गाव. शहापूरच्या एका कॉलेजात मी पीएच.डी. करते आणि माझा विषय आमच्या घरचा भात आहे. त्याला आमच्याकडे बुडकी म्हणतात. तांबडा, ठेंगणा दाणा, टोकाला काळा ठिपका. आमचं शेत ओढ्याच्या वळणात खोलगट जागी आहे. पेरणी झाली आणि ओढा फुगला की रोपांच्या वाफ्यावर गुडघाभर पाणी चढतं, ते आठ आठ दिवस उतरत नाही. दुसरा कुठलाही भात अशा पाण्याखाली हवेवाचून कुजतो. बुडकी मात्र पाण्यातून पांढरा कोंब वर काढते. लहानपणी मी स्वतः पाहिलंय. बांधावर उकिडवं बसून आई बोट दाखवायची, "बघ गो, आलं वर."

म्हणून मी मोठ्या दिमाखात हा विषय घेतला. या बियाण्यात पाण्याखाली नेमकी कुठली जीन जागी होते, ते मी दाखवणार होते.

जीन म्हणजे काय, हे गावात कोणी विचारलं तर मी मारुतीच्या देवळातल्या भांड्यांचं सांगते. गावाचे मोठे टोप, पराती, कढया देवळाच्या खोलीत कुलपात असतात. भांडी आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, पण लग्न निघाल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. चावी एका माणसाकडे असते आणि तो निरोप आल्याशिवाय उठत नाही. जीनचंही तसंच. ती प्रत्येक पेशीत असते, पण उघडते कधी आणि कोणाच्या निरोपाने, हा खरा प्रश्न. दाण्यात पीठ साठवलेलं असतं. त्या पिठाची साखर करून कोंबाला खाऊ घालायची, तर त्यासाठी एक जीन उघडावी लागते. पाण्याखाली, हवा नसताना, ती उघडली तर कोंब जगतो.

जीन उघडली की पेशी तिच्या नकला काढते. त्या नकलांना आरएनए म्हणतात, आणि आम्ही लॅबवाले त्या नकला मोजत बसतो. वस्तू इतकी नाजूक की बोटाचा घाम लागला तरी तिचा निकाल लागतो. हातमोजे घालायचे, सगळं बर्फात ठेवायचं, श्वासही जपून घ्यायचा. मग ते मशीनमध्ये जातं. मशीन प्रत्येक फेरीला नकला दुप्पट करत नेतं आणि पडद्यावर एक रेष काढतं. नकला मुळात भरपूर असतील तर रेष विसाव्या-बाविसाव्या फेरीलाच उठते. नसतील तर पस्तिसाव्या फेरीपर्यंत ती जमिनीला चिकटून राहते.

माझी रेष तीन वेळा पस्तिसाव्या फेरीला उठली. तिन्ही वेळा.

बरं, बियाणं मेलेलं होतं म्हणावं, तर ओल्या फडक्यावर तेच बियाणं छान रुजायचं. पाण्याखाली ठेवलं की मात्र ढिम्म. त्या जीनची अक्षरंही मी वाचून काढली. बाजारातल्या साध्या भाताची आणि बुडकीची अक्षर न अक्षर सारखी.

फेब्रुवारीत संशोधन समिती बसली तेव्हा मी काचेच्या नळकांड्यांत चाळीस दाणे बुडवून पाच दिवस आधीच टेबलावर मांडले होते. मशीन चुकत असेल, पण दाणा स्वतः उगवून दाखवील असं मला वाटलं होतं. एकही उगवला नाही. बाहेरून आलेले परीक्षक पाठारे सर नळकांडी हातात धरून उजेडाकडे करून बघत राहिले आणि म्हणाले, "ही माहिती तुम्हाला कोणी दिली?"

"माझ्या आईने, सर."

"असं होय," ते हसले. "आईच्या गोष्टी गोडच असतात."

सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

माझ्या गाईड हेतल मॅडम हसल्या नाहीत. शहापूरच्या बाजारपेठेतल्या कापडवाल्याची ही मुलगी, बोलणंही वारावर मोजून. मार्च संपताना त्यांनी मला बोलावलं. "संजीवनी, बावीस एप्रिलला समिती पुन्हा आहे. तोपर्यंत काही निघालं नाही तर विषय बदलायचा. शेवग्याच्या पानांवर काम आहे, दोन वर्षांत होईल."

"शेवगा आमटीत चांगला लागतो, मॅडम."

"आमटी पण पोटाला लागते," त्या म्हणाल्या. "आईचं बोलणं हे निरीक्षण आहे, पुरावा नाही. पुरावा आण."

विषय गेला असता तर दोन वर्षं पाण्यात गेली असती, हे तर होतंच. पण माझ्या जिवाला वेगळंच खात होतं. कॉलेजच्या कागदावर कायमचं लिहिलं गेलं असतं की माझी आई, धोंडीबाई करंजपाडावाली, जे सांगते ते खरं नाही. आणि ते माझ्याच सहीने लिहिलं गेलं असतं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी घरी गेले ती भांडायलाच.

आई चुलीपाशी होती. पहिल्या फेलोशिपमधून मी तिला गॅस घेऊन दिला, तो ती पाहुण्यांच्या चहापुरता पेटवते. बाकी सगळं चुलीवर. डोळे चुरचुरतात, खोकते, पण ऐकत नाही. माझा भाऊ सूरज आणि वहिनी शेजारीच नवीन घरात राहतात, तिथे चूलच नाही.

"आलीस गो? तोंड का असं उतारलंय?"

"आये, तुझं बी पान्यात उगवत नाय," मी चप्पल काढतानाच सांगून टाकलं. घरी आलं की माझी भाषाही घरची होते. "तीनदा बघितलं. नाय उगवत."

तिने फुंकणी खाली ठेवली. "नाय उगवत?"

"नाय."

"मंग तीस वरसं मी काय खाल्लं?"

मी चिडून सगळं ओकले. नळकांडी, चाळीस दाणे, पाठारे सर. "तो सायेब हसला सगळ्यांसमोर."

"तुज्यावर?"

"तुझ्यावर." हे बोलायला नको होतं. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला माहीत आहे.

आई उठली. पाट ओढून त्यावर चढली आणि चुलीच्या वर टांगलेली मुडी खाली घेतली. मुडी म्हणजे पेंढ्यात गच्च आवळून बांधलेला बियाण्याचा गोळा. लहानपणापासून ती मी तिथे टांगलेली बघत आले होते, इतकी की ती दिसायचीच बंद झाली होती. काजळीने काळी ठिक्कर पडलेली. आईने पेंढा उचकला, मूठभर दाणे काढले आणि पाण्याच्या टोपात टाकले. "तुज्या देखत टाकते. पाच दिस थांब, मंग बोल."

मी टोपात वाकून पाहिलं. दाणे काळपट होते आणि पाण्यावर काजळीचा तवंग आला होता.

"आये, हे काय हाय?"

"बी हाय. आंधळी झालीस का?"

"मला दिलंस ते असं नव्हतं."

"तुला असं कसं देनार?" ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "हात काळं व्हतात त्यानं. कालेजात काळं बी धाडायचं? तुला चांगलं दिलं व्हतं. चाळलं, तीन पान्यांतून धुतलं, उनात वाळवलं, अन सूरजच्या घरी पत्र्याच्या डब्यात ठेवलं. तुज्या बाईंनी बघून वा म्हनलं पायजे."

आणि मॅडम म्हणाल्याही होत्या. "किती स्वच्छ बियाणं ठेवतात तुझ्या घरी!" तेव्हा माझी मान ताठ झाली होती.

"आणि पेरतेस कुठलं?"

"पेरायला हे. ते डब्यातलं खायचं."

मी टोपापाशी उकिडवी बसून पुन्हा ते दाणे बघितले. दोन वर्षं! दोन वर्षं मी पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या भाताचे आरएनए मोजत होते. आमच्याकडे परक्याच्या हातात काही द्यायचं तर घरातलं चांगलं, धुतलेलं, निवडलेलं द्यायचं. काळं, धुरकटलेलं घरच्यांसाठी. आईने कॉलेजला पाहुणा समजून रीत पाळली होती, आणि मी तिची लेक असून एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्यावर कळस म्हणजे लॅबमध्ये मी ते बियाणं सोलून पुन्हा ब्लीचमध्ये बुडवत होते, कारण पुस्तकात तसं लिहिलंय. समजा आईने काळं दिलं असतं, तरी मी त्याचा धूर धुऊनच काढला असता.

"दोन्ही एकाच खळ्यावरचं?"

"येकाच. येकाच दिवशी झोडलेलं."

"मग मुडी चुलीवर का टांगतेस?"

"किडा लागत नाय. माजी सासू टांगायची, मी टांगते." यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्याचा आवही तिने आणला नाही.

एकच भात, एकच खळं. फरक एवढाच की एकाने पाच महिने चुलीचा धूर खाल्ला आणि दुसरा गॅसच्या घरात डब्यात बसला. मला एकदम हसू फुटलं. आईला वाटलं, पोरगी कामातून गेली. मी उठून तिला मिठी मारली, तर ती म्हणाली, "सर गो, हात राखेचे हायेत."

दुसऱ्या दिवशी काळं आणि धुतलेलं, दोन्ही बियाणं घेऊन मी शहापूरला आले. मॅडमनी काळे दाणे बोटांवर चोळून बघितले. बोटं काळी झाली. मला वाटलं, आता त्या आनंदाने उडी मारतील.

"याने काय सिद्ध होतं?" त्या म्हणाल्या. "दोन बियाणी वेगळी वागली, एवढंच. धुरानेच फरक पडला हे कशावरून? डब्यातला पत्रा कारण नसेल? उन्हात वाळवणं नसेल? तू त्या धुतलेल्या बियाण्याला धूर दे. ते उगवलं, तर मी मानीन."

मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच जास्त आला.

पण धूर द्यायचा कसा? चूल आणि पाच महिने आमच्याकडे नव्हते. मार्ग आमच्या विभागातल्या कुंडलिकभाऊंनी काढला. ते लॅबमध्ये मदतनीस आहेत आणि किन्हवलीकडे त्यांची स्वतःची भातशेती आहे. त्यांना कारण सांगितलं तर म्हणाले, "धूर पान्यात कोंडू की. हुक्क्यात कोंडतात तसा." तेलाचा रिकामा डबा, त्यात पेटवलेल्या ऐनाच्या लाकडाच्या ढलप्या, डब्यातून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत, आणि दुसऱ्या टोकाला लॅबचा हवा खेचणारा पंप. इमारतीच्या मागे तासभर हे चाललं. मुख्य ऑफिसातून माणूस येऊन विचारून गेला की विभागात जेवण शिजतंय का. कुंडलिकभाऊंनी त्याला "सायन्स हाय" एवढंच सांगितलं. बाटलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि त्याला आमच्या घराचा वास यायला लागला.

या वेळी कुठलंच बियाणं सोललं नाही की ब्लीचमध्ये घातलं नाही. धुतलेलं बियाणं त्या पाण्यात रात्रभर भिजवलं आणि मग नळकांड्यात बुडवलं. शेजारच्या नळकांड्यांत आईचं काळं आणि साध्या पाण्यात भिजवलेलं धुतलेलं. पाचव्या दिवशी आईच्या काळ्या बियाण्याने पांढरे कोंब पाण्याबाहेर काढले होते. ते बघून बांधावरचं ते बोट मला आठवलं. धुतलेल्यातून काही आलं नाही, ते ठरल्यासारखंच. पण धुराच्या पाण्यातले दाणे तर काळे बुळबुळीत होऊन पार मेले होते.

तारीख होती बारा एप्रिल. मॅडम म्हणाल्या, "मग धूर नसेल कारण." एवढंच बोलल्या आणि निघून गेल्या.

त्या दिवशी दुपारी मी विभागाच्या पायरीवर बसून आईला फोन लावला. खरं तर रडायलाच लावला. तिच्या टोपातलं बियाणं केव्हाच वर आलं होतं, तेच ती आधी उत्साहाने सांगत बसली. मग मी आमच्या पाण्याचं सांगितलं.

"केवढा धूर दिला तुमी?"

"पानी चहासारखं लाल झालं होतं."

"अगो बया!" ती ओरडली. "मुडी मी किती उंच टांगते ते बघितलंस का कधी? पाटावर चढल्याबिगर हात पुरत नाय येवढी. येक साल तुज्या बापानं हातभर खाली बांधली, सगळं बी मेलं. धूर लागाया पायजे नुस्ता. धुरात कोंडायचं नसतं."

मी फोन ठेवला आणि तशीच उठून आत गेले. सगळ्या औषधांचं जे असतं ते धुराचंही होतं, थोडं दिलं तर निरोप आणि जास्त दिलं तर विष. विज्ञानाची पदवी माझ्याकडे होती आणि हे मला सुचलं नव्हतं. एक थेंब धुराचं पाणी, शंभर थेंब साधं. मग एकास पाचशे. मग एकास हजार. तिन्ही करून ठेवली.

पंधरा तारखेला सकाळी मॅडम माझ्या आधी लॅबमध्ये आल्या होत्या आणि टेबलासमोर उभ्या होत्या. नळकांड्यांना हात न लावता त्या वाकून बघत होत्या. एकास शंभरच्या आणि एकास हजारच्या नळकांड्यांत काही नव्हतं. एकास पाचशेमध्ये धुतलेल्या, डब्यातल्या, पाहुण्यांच्या त्या भाताचे बारीक पांढरे कोंब दोन बोटं वर आले होते.

"पाण्याबाहेर यायला अजून दोन दिवस लागतील," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा वेगळा होता. "तू आत्ता आरएनए काढ. दाण्याला हात लावू नकोस, त्यावर बुरशी असेल, तिचा आरएनए आपल्याला फसवील. फक्त कोंब घे, आणि धुऊन घे."

"ज्याला कोंबच नाही त्याचं काय घेऊ?"

"सोलून आतला अंकुर. तोही धुऊन."

मी कापलं, बर्फात टाकलं, वाटलं, गाळलं. मध्ये दोनदा थांबून पाणी प्यायले. दुपारी मशीन सुरू झालं. कुंडलिकभाऊ उगाच फडकं घेऊन तीच खिडकी पुसत उभे होते. दहावी फेरी, पंधरावी, अठरावी. रेषा सगळ्या खालीच. विसावी. एकविसाव्या फेरीला आईच्या काळ्या बियाण्याची रेष उठली आणि सरळ वर निघाली. मी टेबल घट्ट धरलं. बावीस. तेविसाव्या फेरीला दुसरी रेष उठली. धुराच्या पाण्याची! साध्या पाण्याची रेष पस्तिसाव्या फेरीपर्यंत जमिनीवर झोपून राहिली, पूर्वीसारखीच.

मी किंचाळले. कुंडलिकभाऊ म्हणाले, "काय झालं? जळलं काय?"

"जीन उघडली, भाऊ!"

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. त्यांना पदराने चष्मा पुसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "पुन्हा कर," त्या म्हणाल्या. "तीनदा. आणि समितीसमोर जी नळकांडी ठेवशील त्यांचे नंबर कुंडलिकभाऊ टाकतील. कशात काय आहे ते तुलाही कळता कामा नये. आणि एक बाजारचा भातही ठेव, धुराच्या पाण्यात भिजवून." तीनदा केलं. तिन्ही वेळा रेष बावीस-तेवीसला उठली.

बावीस तारखेला आई आली. सूरजने तिला मुरबाडहून एसटीत बसवून दिलं होतं, मी स्टँडवर घ्यायला गेले. हिरवं नवं लुगडं, हातात कापडी पिशवी. समितीच्या खोलीत ती शेवटच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

टेबलावर चार नळकांडी होती. आईचं काळं बियाणं रंगावरून कोणालाही ओळखता येत होतं, ते बाजूला ठेवलं होतं. बाकी तीन, एक, दोन, तीन असे नंबर टाकलेली. काळ्याचे पन्नासांतले एक्केचाळीस दाणे पाण्याबाहेर आले होते. एक नंबर रिकामं. दोन नंबरमध्ये अडतीस कोंब. तीन नंबर रिकामं.

पाठारे सरांनी चष्मा कपाळावर चढवून स्वतः मोजले. "आता उघडा," ते म्हणाले.

कुंडलिकभाऊंनी खिशातून पाकीट काढून मोठ्याने वाचलं. "एक नंबर, बुडकी, धुतलेली, साधं पाणी. दोन नंबर, बुडकी, धुतलेली, धुराचं पाणी. तीन नंबर, बाजारचा भात, धुराचं पाणी."

मी पडद्यावर रेषा लावल्या. पाठारे सर जवळ जाऊन बघत राहिले आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला रात्रभर भीती वाटत होती. "जीनची अक्षरं दोन्ही भातांत सारखी आहेत, असं तुम्हीच फेब्रुवारीत सांगितलं होतं. मग धूर बाजारच्या भाताला का चालत नाही?"

"सर, मी जीन वाचली होती. जीनच्या अलीकडचा भाग वाचला नव्हता, जिथे निरोप येऊन पोचतो. आमच्याकडे गावाची भांडी देवळात कुलपात असतात, तसं धरा. भांडी दोन्ही भातांत सारखीच आहेत. कुलूप वेगळं असावं, आणि धुराची चावी बुडकीच्याच कुलपाला लागते. ते कुलूप शोधायला मला पुढची दोन वर्षं हवीत."

ते वळले. "द्या यांना," ते इतर सदस्यांना म्हणाले. "दोन काय, तीन द्या."

विषय राहिला! मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो जरा वेळ तिथेच राहू दिला. मला सगळ्यांसमोर रडू आलं. येऊ दिलं.

मग पाठारे सर मागच्या खुर्चीपाशी गेले. आई उठून उभी राहिली. "बसा, बसा. तुम्ही यांच्या आई ना? मागच्या वेळी मी तुमच्याबद्दल हसलो होतो. चुकलं माझं." ते हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, त्याबद्दल मी त्यांना तिथल्या तिथे माफ करून टाकलं. "धुराचं हे तुम्हाला कसं कळलं, बाई?"

"मला कुठं कळलंय?" आई म्हणाली. "आमी नुस्तं करत आलो. कळलं ते हिला." आणि तिने माझ्याकडे बोट केलं. तेच बोट.

"थोडं बियाणं मिळेल का मला? आमच्या संस्थेत लावून बघतो."

आईने पिशवीत हात घातला. पिशवीत दोन पुड्या होत्या, हे मी स्टँडवरच पाहिलं होतं. एक पांढऱ्या कागदाची, नीट दोरा बांधलेली. दुसरी पेंढ्यात गुंडाळलेली. तिचा हात आधी पांढऱ्या पुडीवर गेला. सवयच ती. मग थांबली, आणि तिने पेंढ्याची पुडी काढून त्यांच्या हातात ठेवली. सरांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला काजळीचा हा मोठा पट्टा उमटला.

"तुमाला काळंच देते, सायेब," आई म्हणाली. "चांगलं दिलं तर उगवत नाय."